दोनशे केबीच्या आत

३ जून २०२५, मंगळवार

अकरावीची नोंदणी जोरात आहे. यंदापासून राज्यभर एकच ऑनलाइन प्रवेश, त्यामुळे बार्शीतली पोरंही आता लॉगिन, पासवर्ड, पसंतीक्रम असलं बोलायला लागलीत. दुपारपर्यंत दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. अकरावीवाले, डिप्लोमावाले, शिष्यवृत्तीवाले. मध्येच एक वारसनोंदीचं प्रकरण. कुणाचंही काम असो, मागणी शेवटी एकच: "मॅडम, हे सगळं एक करून द्या."

सगळं म्हणजे गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा, रहिवासी, जातीचा, नॉन-क्रीमीलेयर, आधार आणि पासबुकाचं पहिलं पान. त्यातलं निम्मं फोनमधल्या फोटोंत, काही व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफमध्ये आणि उरलेलं प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून. पोर्टलवर तांबड्या अक्षरांत अट: एकच पीडीएफ, दोनशे केबीच्या आत. ज्याने ही अट लिहिली त्याने आठ दाखले एकदा स्वतः चढवून बघायला हवेत.

सुट्टीत भाचा मदतीला आलाय. त्याने कुठलीशी फुकटची साइट उघडली, फाइली ओढून टाकल्या, बटण दाबलं आणि एका मिनिटात जोडून मोकळा. काम झालं हे खरं. पण कुणाचे कागद कुठे गेले आणि परत आले ते तेच होते का, हे त्याने विचारलं नाही. गिऱ्हाइकानेही नाही.

५ जून, गुरुवार

एका मुलीने आणलेला उत्पन्नाच्या दाखल्याचा फोटो चार एमबीचा निघाला. दाखला पलंगावर ठेवून काढलेला, खाली फुलाफुलांची चादर. फोनमधला फोटो बहुतेक वेळा जेपीजी असतो. कोऱ्या, सपाट भागाला तो थोडक्यात भागवतो आणि बारीक नक्षीवर जागा उधळतो. म्हणजे दाखल्यापेक्षा चादरीनेच जास्त केबी खाल्ले होते. चादर कापली, रंग काढून पान करडं केलं, आणि कुठलंही 'कॉम्प्रेस' न करता फाइल निम्म्याच्याही खाली आली.

भाच्याला गणित घालून दाखवलं. ए-फोर कागद ३०० डीपीआयवर स्कॅन केला तर सुमारे ८७ लाख ठिपके होतात. तोच १५० वर केला तर पावणेबावीस लाख. डीपीआय निम्मा, ठिपके चौथाई. दाखल्याचा क्रमांक, तहसीलदारांचा शिक्का, तारीख, सगळं १५० वर स्वच्छ वाचता येतं. शंभरच्या खाली उतरलं की हाताने लिहिलेले १ आणि ९ सारखेच दिसतात, आणि छाननीत अर्ज परत येतो तो अशाच आकड्यापायी.

लोक नेमकं उलट्या क्रमाने करतात. आधी एका साइटवर फाइल लहान करतात, मग दुसरीवर जोडतात, मग मर्यादेत बसत नाही म्हणून तिसरीवर पुन्हा लहान करतात. चित्राचा दर्जा प्रत्येक खेपेला उतरतो आणि अक्षरांच्या कडेला किटण चढतं. गेलेला तपशील नंतर कुठल्याच साइटवर परत मिळत नाही. आमचा क्रम ठरला: आधी नीट स्कॅन, मग कापाकापी, मग जोडणी, आणि गरजच पडली तर अगदी शेवटी, एकदाच, आकार कमी.

९ जून, सोमवार

आज एका काकांनी तोंडावरच विचारलं, "नेटवर फुकट होतंय की हे. मग वीस रुपये कशाचे, मॅडम?" प्रश्न रास्त आहे. गर्दीत उत्तर दिलं नाही, रात्री बसून विचार केला.

फुकट का होतं, हे आधी समजून घ्यायला हवं. १९९१ मध्ये ॲडोबी कंपनीच्या जॉन वॉर्नॉक यांनी 'कॅमेलॉट' नावाच्या प्रकल्पाचं टिपण लिहिलं. कागद कुठल्याही संगणकावर तसाच दिसावा आणि कुठल्याही प्रिंटरवर तसाच उमटावा, एवढीच त्यातली मागणी. १९९३ मध्ये त्यातून पीडीएफ बाजारात आलं. सुरुवातीला तर नुसतं वाचायचं सॉफ्टवेअरही विकत घ्यावं लागे. फाइल आतून कशी रचायची याची नियमावली मात्र कंपनीने जाहीर केली होती, आणि २००८ मध्ये ती आयएसओचं आंतरराष्ट्रीय मानक झाली. नियम सगळ्यांपुढे उघडे असल्यावर हत्यारं कुणीही घडवू शकतो. म्हणून बार्सिलोनातून आयलव्हपीडीएफ निघालं, स्वित्झर्लंडमधून स्मॉलपीडीएफ, जर्मनीतून पीडीएफ२४. आमच्या काउंटरवर या तिघांचीही ये-जा आहे.

आणि जोडणी हे काम मुळात हलकं आहे. पीडीएफच्या पोटात पानं, चित्रं, टंक यांना क्रमांक दिलेले असतात आणि फाइलच्या शेवटी त्या क्रमांकांची यादी असते. दोन फाइली जोडताना पानं नव्याने रंगवावी लागत नाहीत. सगळ्यांना नवे क्रमांक द्यायचे, पानांची एकच यादी करायची, झालं. म्हणून नुसत्या जोडणीने अक्षर पुसट होत नाही आणि वेळही लागत नाही. यंत्राला हे काम कवडीमोल पडतं. साइटचा खर्च जाहिरातींतून निघतो, रोजची मर्यादा संपल्यावर पैसे भरणाऱ्यांकडून निघतो, कचेऱ्यांनी घेतलेल्या वर्गणीतून निघतो. यात लबाडी काही नाही.

म्हणजे काकांचं बरोबर आहे. जोडणीचे वीस रुपये होत नाहीत. मग मी घेते ते कशाचे, हे मलाही एकदा ठरवायला हवं.

१० जून, मंगळवार

वटपौर्णिमा. सकाळी वडाला फेऱ्या, दुकान अकराला उघडलं. तेवढ्या वेळात व्हॉट्सॲपवर फाइलींचा ढीग. 'आयएमजी', 'स्कॅन ००१', 'न्यू डॉक्युमेंट', सगळ्यांची नावं एकाच वळणाची. भाच्याला नेमून दिलं: फाइल उतरवली की आधी नाव बदलायचं, मग उघडायची. गिऱ्हाइकाचं नाव आणि पुढे 'उत्पन्न दाखला', 'जात दाखला', असं. दुसऱ्याचा कागद तिसऱ्याच्या अर्जात जायची निम्मी भीती एवढ्याने जाते.

१२ जून, गुरुवार

आज एक मोठी गोष्ट भाच्याच्या लक्षात आणून दिली.

आपले सरकारवरून उतरवलेला दाखला किंवा महाभूमीवरून पंधरा रुपये भरून काढलेला सातबारा, यांवर डिजिटल स्वाक्षरी असते. लोकांना वाटतं, कोपऱ्यातली ती चौकट म्हणजे सही. ती फक्त दिसण्यापुरती. खरी सही फाइलच्या आत असते. सही करताना फाइलमधल्या मजकुराचा हिशोब करून एक आकडा काढतात आणि तो अधिकाऱ्याच्या किल्लीने बंद करतात. नंतर त्यातलं एक अक्षर जरी हललं तरी हिशोब जुळत नाही, आणि सही तपासणारं सॉफ्टवेअर ते लगेच ओळखतं.

आता असा दाखला गुणपत्रकाशी जोडला तर जी फाइल तयार होते ती नवी असते, अधिकाऱ्याने कधीच न पाहिलेली. सहीची चौकट पानावर तशीच दिसते, पण आतली सही गळून पडते किंवा अवैध दाखवते. फाइल उघडून 'प्रिंट'मधून पुन्हा पीडीएफ केली तरी तेच. आकार कमी केला तरी तेच. लोक सहीचा कागद घेऊन येतात आणि त्या कागदाचं चित्र घेऊन जातात.

भाचा म्हणाला, "आत्या, पण मूळ फाइलवर पण पिवळं प्रश्नचिन्हच येतंय." येतं. ॲक्रोबॅट रीडरच्या विश्वासाच्या यादीत भारतातल्या स्वाक्षरी प्रमाणपत्रांचं मूळ नसलं की तो 'ओळख पटली नाही' असं म्हणतो. त्याचा अर्थ सही खोटी असा होत नाही. ते मूळ प्रमाणपत्र एकदा विश्वासू म्हणून नोंदवलं की पुढे हिरवी खूण येते. आणि क्रोममध्ये किंवा फोनवर उघडलं तर बहुतेक वेळा सही तपासलीच जात नाही, फक्त चौकट दिसते.

मग जोडायचंच नाही का? पोर्टल एकच फाइल मागत असेल तर जोडावंच लागतं. छाननीला बसलेला माणूस दाखल्यावरच्या बारकोडचा क्रमांक आपले सरकारच्या पोर्टलवर टाकून खरंखोटं बघू शकतो. पण मूळ सहीची फाइल वेगळी ठेवून गिऱ्हाइकाच्या फोनवर पाठवायची, हे आजपासून पक्कं. जोडलेली फाइल त्या एका अर्जापुरती. मूळ फाइल पुढे वर्षभर कामाला येते.

१६ जून, सोमवार

वैरागकडचे एक आजोबा ई-आधार घेऊन आले. फाइलला पासवर्ड, त्यामुळे कुठल्याच साइटवर जोडली जाईना. हा पासवर्ड उघडं गुपित आहे: इंग्रजीतल्या नावाची पहिली चार मोठी अक्षरं आणि जन्मसाल. आमच्या गल्लीतलं शाळकरी पोरसुद्धा सांगेल. तो असून नसल्यासारखा, हे मान्य. तरीही तो काढून टाकलेली आधारची मोकळी फाइल कुठल्यातरी परदेशी सर्व्हरवर चढवायची, हे मला पटत नाही.

या साइट काय सांगतात? चढवलेली फाइल एकदोन तासांत पुसतो, येता-जाता ती कूटबद्ध असते. नावाजलेल्या साइट तसं करत असतीलही. मी त्यांच्यावर आळ घेत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. ज्या आजोबांचं आधार मी चढवते त्यांना हे कुणी विचारलं का? अटींच्या पानावर 'मान्य' म्हटलं ते मी, कागद त्यांचा.

आजोबांना मास्क केलेलं आधार काढून दिलं. यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात. जिथे पूर्ण क्रमांक मागितलेला नाही तिथे हेच द्यावं. ते म्हणाले, "हे अर्धं कसं आलं ओ ताई? बाद तर नाही ना होणार?" समजावून सांगायला वेळ लागला, पण हसत गेले.

खरा धोका परदेशात शोधायला नको, तो आमच्याच काउंटरवर आहे. डाउनलोडचा फोल्डर, व्हॉट्सॲप वेबचं चालू राहिलेलं खातं, डेस्कटॉपवर पडलेलं कुणाचं तरी पासबुक. संध्याकाळी शटर ओढायच्या आधी डाउनलोड रिकामा करायचा आणि रिसायकल बिनही. फाइल बिनमध्ये पडून राहिली तर ती पुसली असं होत नाही.

१९ जून, गुरुवार

रात्री पाऊस झाला आणि केबल तुटली. सकाळपासून नेट नाही. शेजारच्या दोन्ही दुकानांत 'सर्व्हर डाऊन'च्या पाट्या. आमच्याकडे अर्ज चढवता येत नव्हते, पण कागद जोडायचं काम दिवसभर चाललं.

संगणकावर पीडीएफसॅम बेसिक आहे. फुकट, मुक्त स्रोत, वर्षानुवर्षं टिकलेलं. जोडा, तोडा, हवी ती पानं काढा, पान फिरवा. पीडीएफ२४ची संगणकावर उतरवायची आवृत्तीही आहे. त्यात आकारही कमी होतो. लिब्रेऑफिसच्या ड्रॉमध्ये पीडीएफ उघडून किरकोळ बदल करता येतात. हे सगळं नेटशिवाय चालतं. फाइल या टेबलावरून उठत नाही.

भाच्याला वाटत होतं ऑनलाइन म्हणजे नवीन आणि असलं म्हणजे जुनाट. त्याला आणखी एक प्रकार सांगितला. काही साइट अशा असतात की पान ब्राउझरमध्ये उघडतं, पण जोडणीचं काम आपल्याच यंत्रावर होतं. फाइल वर जातच नाही. साइट तसं म्हणते ते खरं की खोटं, हे पाहायला तज्ज्ञ लागत नाही. पान पूर्ण उघडू द्यायचं, मग नेट बंद करायचं आणि फाइली जोडून बघायच्या. जोडल्या गेल्या तर काम इथेच होतंय. चाक नुसतं फिरत राहिलं तर फाइल बाहेर जायची वाट बघतेय.

तिसऱ्या प्रहरी नेट आलं. तोवर अर्जांच्या फाइली तयार होत्या, भराभर चढल्या.

२३ जून, सोमवार

एका शाळेचे हेडमास्तर परिपत्रकाची पीडीएफ घेऊन आले. पालकसभेची तारीख बदलायची आणि 'विद्यार्थी'च्या जागी 'विद्यार्थी व पालक' करायचं. "दोन शब्दांचं काम आहे, पाच मिनिटांत होईल."

फुकटच्या एडिटरमध्ये उघडलं. मजकुरावर टिचकी मारली आणि अक्षरांची पांगापांग झाली. वेलांटी एकीकडे, रफार भलत्याच अक्षरावर, जोडाक्षराचे दोन तुकडे. इंग्रजी पत्र असतं तर झालंही असतं. मराठीचं दुखणं वेगळं आहे.

पीडीएफला कागद दिसतो कसा याच्याशी मतलब. अमुक आकृती अमुक जागी, अशी त्यात नोंद असते. 'र्थी' ही एक आकृती कुठल्या तीनचार खुणांची मिळून झाली, हे उलट शोधायचा तक्ता फाइलमध्ये असला तर ठीक. नसला किंवा अर्धवट असला तर मजकूर उचलताना विस्कटतो. दुसरं म्हणजे, जागा वाचवायला फाइलमध्ये टंकातली वापरलेलीच अक्षरं भरलेली असतात. परिपत्रकात 'ळ' कुठेच नसेल तर नवा 'ळ' आणायचा कुठून? एडिटर दुसऱ्या टंकातला आणतो आणि तो ठिगळासारखा दिसतो. आणि परिपत्रक श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या टंकांत असलं तर आत मराठी नसतंच. इंग्रजी अक्षरांना आणि चिन्हांना मराठी चेहरे दिलेले असतात. मजकूर उचलला की हाती चिन्हांचा कचरा.

बऱ्याच फुकट एडिटरांचं 'संपादन' म्हणजे जुन्या शब्दावर पांढरी पट्टी आणि तिच्यावर नवा शब्द. तारखेपुरतं ते चालतं.

सरांना म्हटलं, ज्याने टाइप केलं त्याच्याकडून वर्डची फाइल मागवा. "तो बदली होऊन गेला ना." मग छापील पानाचं ओसीआर केलं. गुगल ड्राइव्हवर पीडीएफ चढवून डॉक्समध्ये उघडली की मराठी मजकूर बऱ्यापैकी उठतो. मुक्त स्रोतातलं टेसरॅक्टही मराठी वाचतं. ते मूळचं ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेतलं, २००५ मध्ये सगळ्यांना खुलं झालं. पण आकडे एकेक करून ताडून घ्यावेच लागतात. परिपत्रक जाहीरच असल्यामुळे ते नेटवर चढवायला मन कचरलं नाही. तास गेला. पाच मिनिटांचे नव्हे, तासाचेच पैसे घेतले आणि सरांनी ते कुरकुर न करता दिले.

२५ जून, बुधवार

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर एकजण आला. आवाज खाली करून म्हणाला, "मॅडम, उत्पन्नाच्या दाखल्यात एक आकडा बदलायचाय. फुकट ॲपमध्ये होतंय म्हणे, मला जमंना."

नाही म्हटलं. तो म्हणाला, दुसरीकडे होईल. होईल. बनावट इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज करणं आणि तो खरा म्हणून वापरणं हे दोन्ही भारतीय न्याय संहितेत गुन्हे आहेत, हे त्याला सांगितलं. शिवाय बारकोडचा क्रमांक टाकला की पोर्टलवर मूळ आकडा समोर येतो, त्यामुळे पकडलं जाणं फार लांब नाही. पोराचा प्रवेश जाईल, वर पोलीस. खरोखर चूक असेल तर तहसीलला दुरुस्तीचा अर्ज लिहून देते म्हटलं. तो उठून गेला.

३० जून, सोमवार

एका ताईंना भाडेकराराची प्रत कुणाला तरी पाठवायची होती, पण आधार आणि पॅन क्रमांक झाकून. फोनवरच काळी पट्टी मारून आणली होती. मी पीडीएफ उघडली, पट्टीवरून मजकूर निवडला, नोटपॅडमध्ये चिकटवला. बाराच्या बारा आकडे समोर. ताईंनी तोंडावर हात ठेवला.

पट्टी हा वरून ठेवलेला वेगळा तुकडा असतो, खालचा मजकूर जिथल्या तिथे. मोठमोठ्यांचीही यात फजिती झाली आहे. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत पॉल मॅनफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात दाखल केलेल्या पीडीएफमध्ये काळ्या पट्ट्या होत्या. पत्रकारांनी पट्टीखालचा मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला आणि जे लपवायचं होतं तेच बातमी झालं. फोनच्या मार्करचीही गत तशीच: शाई पूर्ण काळी नसली तर उजेड वाढवल्यावर खालचं दिसतं.

आमचा उपाय जुनाच. प्रिंट काढली, क्रमांकांवर कागदाची पट्टी ठेवली, तसंच स्कॅन केलं. आता खाली काही नाहीच, तर निघणार काय? घरी करायचं असेल तर पट्टी मारल्यावर पानाचं चित्र करावं आणि त्या चित्राची पुन्हा पीडीएफ करावी.

३ जुलै, गुरुवार

बाजारातल्या एका दुकानाचा संगणक बंद पडलाय. 'पीडीएफ टू वर्ड' शोधताना कुणीतरी कन्व्हर्टर उतरवला, आणि दुसऱ्या दिवशी ब्राउझरमध्ये भलतीच पानं उघडायला लागली. शेवटी विंडोज नव्याने टाकावी लागली.

मार्चमध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने नेमका हाच इशारा दिला होता: फुकट कन्व्हर्टरच्या नावाखाली चालणाऱ्या काही साइट सांगितलेलं काम करूनही देतात, पण परत आलेल्या फाइलसोबत घातक सॉफ्टवेअर येतं आणि चढवलेल्या फाइलींतून ओळखपत्रांचे, बँकेचे तपशील उचलले जातात. काम होतं, म्हणूनच शंका येत नाही.

भाच्याला खुणा सांगितल्या. शोधात सगळ्यात वर 'जाहिरात' लिहिलेलं येतं ते उघडायचं नाही. पानावर हिरवी मोठमोठी डाउनलोड बटणं असली की त्यातली बहुतेक जाहिरातींची. पीडीएफ मागितली आणि ईएक्सई किंवा एपीके आली तर तिथेच पुसायची. वापरायच्या ठरलेल्या साइटचे पत्ते बुकमार्क करून ठेवलेत, दर वेळी शोधायचं काम नाही.

६ जुलै, रविवार

आषाढी. दुकान बंद, साबुदाणा भिजलेला. पंढरपूरहून परतणारे वारकरी उद्यापासून भगवंताच्या देवळात दिसायला लागतील.

वाड्यातल्या भजनी मंडळाची वही कित्येक दिवस माझ्याकडे पडून होती. निळ्या शाईतले अभंग, कुठे चाल लिहिलेली, कुठे तेलाचे डाग. मंडळातल्या तरुणांना ती फोनवर हवी आहे. आज हे काम काढलं. वर्षातलं एक तरी जोडकाम असं हवं ज्यात कुणाचं उत्पन्न आणि जात लिहिलेली नाही.

वहीची शिवण आधीच सुटलेली, त्यामुळे पानं फीडरमधून गेली. आमचा स्कॅनर एकाच बाजूने वाचतो. आधी सगळ्या पानांच्या पुढच्या बाजू घेतल्या, मग गठ्ठा उलटा करून मागच्या. म्हणजे एक फाइल १, ३, ५ अशी आणि दुसरी शेवटच्या पानाकडून मागे येणारी. हाताने लावत बसलं तर दिवस जाईल. पीडीएफसॅममध्ये 'अल्टरनेट मिक्स' म्हणून सोय आहे: एक पान या फाइलमधलं, एक त्या फाइलमधलं, आणि दुसरी फाइल उलट्या क्रमाने घ्यायची खूण. बटण दाबलं, वही क्रमाने लागली. वाकडी पानं फिरवली, कोरी काढून टाकली.

आकार मात्र कमी केला नाही. म्हातारी मंडळी अक्षर दोन बोटांनी मोठं करून वाचणार. ते फाटायला नको. रंगही ठेवला. मंडळाच्या गटावर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली. पानांचे फोटो म्हणून पाठवले असते तर व्हॉट्सॲपने ते आपणहून लहान केले असते.

१० जुलै, गुरुवार

गुरुपौर्णिमा. भाचा पेढे घेऊन आला. मी म्हटलं, पेढ्यांपेक्षा शेल्फवरचा दरफलक नव्याने छापून दे. तो आज छापला.

नुसती जोडणी: पाच रुपये. ज्याला घरी करायची त्याने खुशाल घरी करावी. कशी करायची ते आम्ही फुकट सांगू. स्कॅन, आकार बसवणं, मराठी मजकूर उठवणं, क्रमांक झाकणं, याचे वेगळे पैसे, कारण त्यात वेळ जातो आणि नजर लागते. दाखल्यातला आकडा बदलायचं काम कोणत्याही दराला नाही.

दरफलकाखाली गिऱ्हाइकांसाठी चार ओळी घातल्या. त्या इथेही उतरवते. गुणपत्रक, परिपत्रक, प्रश्नपत्रिका, भजनाची वही हे फुकटच्या साइटवर बिनधास्त जोडा. आधार, पॅन, पासबुक, भाडेकरार हे आपल्याच संगणकावर जोडा, किंवा जिथे द्याल तिथे आपल्यासमोर पुसायला लावा. आधार मागितलं तर आधी मास्क केलेलं पुढे करा. आणि डिजिटल सहीचा दाखला ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी, न जोडता, न लहान करता, जसाच्या तसा स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. पुढच्या अर्जाला तोच लागणार आहे.